मानसिंगच्या दातातली काडी

रहिमतपूरच्या मानसिंगचा विश्वास कशावर बसेल, ते त्याच्या बायकोलाही सांगता यायचं नाही. गवळ्यानं माप घातलं की हा दुधात बोट बुडवून बघणार. पलटणीच्या बँडात क्लॅरिओनेट वाजवून तो पेन्शनीवर आला आणि गावाकडं लग्नाच्या बँडात तेच वाद्य त्यानं पुन्हा तोंडाला लावलं. नव्याण्णव सालच्या गळीत हंगामात उसाच्या फडावर दातानं ऊस सोलताना त्याचा वरचा पुढचा दात कडकन मोडला. हिरडीलगत नुसता खुंट उरला.

क्लॅरिओनेटचं तोंड त्याच दातावर टेकतं. फुंकलं तर हवा फुसकन बाहेर जायची. कोरेगावच्या डॉक्टरनं खुंट उपटून कवळी बसवायला सांगितलं, पण कवळी लावून वाजवणारा माणूस मानसिंगनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. शेवटी मनुबाईनं, त्याच्या बायकोनं, मलकापूरच्या डॉक्टर दीक्षाचं नाव काढलं.

दीक्षा वयानं लहान, पुण्यात शिकून आलेली. तिचे वडील हिंदुराव कोयनानगरला धरणाच्या कामावर फिटर होते. दवाखान्यात बुद्धाची तसबीर होती. येताना एसटीत शेजारच्या नानासोनं मानसिंगच्या कानाला लागून सांगितलं होतं, की असले डॉक्टर मार्कांवर थोडेच होतात, जपून राहा. मानसिंग मुळातच संशयी, त्यात ही भर पडली.

दाताचा एक्स-रे काढून दीक्षानं मूळ शाबूत असल्याचं सांगितलं. चार-दोन फेऱ्यांत मुळातली नस काढून ते साफ केलं. मग तिनं आगकाडीहून बारीक, काचेच्या धाग्यांची एक काडी दाखवली. ही चिकट मसाला भरून मुळात बसवायची, निळ्या उजेडानं तो मसाला घट्ट करायचा आणि वर दात बांधायचा. लोखंडाची का नाही, असं त्यानं विचारलं. लोखंड फार ताठ, त्यानं मूळ चिरायची भीती असते, असं ती म्हणाली. मानसिंगला ती पळवाट वाटली. उजेडानं कुठं काय चिकटतं?

तो खुर्चीत बसल्यावर तिनं पिस्तुलासारखं यंत्र उचललं. मदतनीस मायानं मध्ये नारिंगी काच धरली. एवढं डोळ्यांना जपायचं, तर तोंडात ते कसं चालतं? मानसिंगनं डॉक्टरचं मनगटच धरलं.

"बाई, आदी भाईर करून दावा. मग माज्या तोंडात."

दीक्षाच्या कपाळाला आठी पडली, पण ती नाही म्हणाली नाही. सरबत प्यायच्या नळीचा तुकडा काळ्या कागदात गुंडाळून तिनं त्यात मसाला भरला, काडी खोवली आणि वरून उजेड धरला. मग पात्यानं नळी उभी कापली. वरचा भाग दगडासारखा झाला होता. खालचा पात्याला चिकटून डिंकासारखा लोंबला.

माया डॉक्टरकडं बघत राहिली.

"काका, हे खालपर्यंत घट्ट व्हायला हवं होतं," दीक्षा म्हणाली. "आज मी तुमचा दात करणार नाही."

यंत्रातला दिवा मंदावला असावा, असं तिनं सांगितलं. वरवरच्या भरणात ते लक्षात आलं नव्हतं. तिनं खुंटावर तात्पुरतं सिमेंट लावून त्याला परत पाठवलं.

घरी आल्यावर मानसिंगचा संशय दुप्पट झाला. आधी किती जणांचं असंच कच्चं ठेवलं असेल, असं तो मनुबाईला म्हणाला. ती भाकरी थापत होती. "तिनं झाकलं असतं, तर तुमास्नी काय कळलं असतं?" तिनं एवढंच विचारलं. पण विश्वास बसावा म्हणूनच डॉक्टरनं हा खेळ केला नसेल कशावरून, हेही त्याच्या मनातून जाईना.

पुढच्या खेपेला बाकावर कोयनानगरचा भाऊसो कुरकुरत बसला होता. दात दुखत नसताना डॉक्टरनं निरोप धाडून बोलावलं, जुनं भरण तपासलं आणि उकरून पुन्हा केलं म्हणे. बाकीच्यांनाही बोलावलं होतं. मानसिंग जरा सरळ होऊन बसला.

नवा दिवा आला होता. त्यानं मागायच्या आधीच दीक्षानं नळी कापून दाखवली. टोकापर्यंत कडक. शिवाय उजेड पोचला नाही, तरी आतल्या आत आवळून येणारं सिमेंट तिनं या वेळी आणलं होतं. कापसाचे बोळे लावून तिनं मूळ कोरडं केलं, काडी बसवली, निळा उजेड धरला. मानसिंग डोळे मिटून, मुठी आवळून पडला होता. वर दात बांधून झाल्यावर तिनं बजावलं, की या दातानं ऊस सोलायचा नाही.

महिनाभर तो दबकतच वाजवत होता. मग कोरेगावच्या एका वरातीत सूर वर चढला, मागचे ढोलवाले जोरात आले आणि मानसिंगला दाताचा विसर पडला. वाद्य खाली ठेवल्यावर त्यानं घाईनं जीभ फिरवली. दात जागच्या जागी होता.

नानासोनं एकदा पुन्हा तेच मार्कांचं काढलं. मानसिंगनं त्याला तिथंच थांबवलं. "तिनं सवताची चूक माज्यासमोर कापून दावली. तुला जमंल का, गड्या?"

तरी दात पक्का झाला, असं मानसिंग कुणाजवळ कधी म्हणाला नाही. कुणी विचारलं, तर ओठ वर करून दाखवायचा आणि म्हणायचा, "अजून तरी हाय."