झाली ना तुझी बोट?

सनस्क्रीनचा वास आला की अमेरिकेतल्या नोव्हाय गावातला तो हिवाळा आठवतो. बाहेर बर्फ पडत असायचा, आणि जुलैत इटलीतल्या कॅप्री बेटाभोवती बोटीने कुठे थांबायचं, ते मी घरात बसून ठरवायचे: निळी गुहा, समुद्रातली खडकाची कमान, पोहण्याजोगं हिरवं पाणी. सनस्क्रीनसुद्धा आणून ठेवलं होतं. मग नवऱ्याने मला न विचारताच बुकिंग कॅन्सल केलं. “जुलैत आई-बाबा येतायत. बोटच हवी ना? नायगाराला आहे की!” तिथे प्लास्टिकच्या रेनकोटात मी सासूबाईंचा हात धरून उभी असताना तो ओरडला, “झाली ना तुझी बोट?” कसली बोट, असं सासूबाईंनी विचारलं म्हणून कॅप्रीचं सांगितलं. त्या गोंधळल्या. “अगं, आम्ही सप्टेंबरात येणार होतो. जुलैतच या, असं तोच म्हणाला.” अजूनही तो चारचौघांत सांगतो, हिला बोटीची भारी हौस, म्हणून नायगाराला नेलं होतं.