तिची आई गुंदला आली तेव्हा

आमच्या घरचा संडास नवीन बांधलेला होता, म्हणून ती परदेशी मुलगी आमच्याकडे राहायला आली. खेड्यातल्या मुलांना इंग्रजी शिकवायला बाहेरदेशाची तरुण मुलं पाठवणारी एक संस्था होती. त्यांच्या माणसांनी आमच्या गुंद गावातली घरं पाहिली आणि आमचं ठरवलं. शिवाय माझं माहेर रामनगरचं, मी बारावीपर्यंत शिकलेली. मोडकंतोडकं का होईना, इंग्रजी मला बोलता यायचं.

तिचं गाव इंग्लंडच्या उत्तरेला, समुद्राकाठी. नुकतंच कॉलेज संपलेलं. मुलं तिला मिस म्हणायची, सासूबाई लाडाने बाय म्हणायच्या. शाळा सुटली की देवळाच्या ओसरीत ती वर्ग घ्यायची. मुलं घरात मराठी-कोकणी बोलणारी, गाव कर्नाटकात म्हणून शाळेत कन्नड शिकणारी, त्यावर आणखी हे इंग्रजी. तरी पहिले काही दिवस ओसरी भरून जायची.

मग भातकापणी लागली. मुलं शाळेतून आली की थेट शेतात, पेंढ्या वाहायला. कापणीनंतर मळणी, मळणीनंतर सुपारी. ओसरीत कधी दोन मुली येत, कधी कुणीच नाही. ती मात्र रोज वेळेवर जाऊन चटया अंथरायची. मी तिला सांगितलं, "तुझ्यामुळे नाही गं, कामाचे दिवस आहेत." ती मान हलवायची, पण तिला ते पटत नव्हतं.

गावात फोनला रेंज नाही. घरामागची टेकडी चढून काजूच्या झाडांपर्यंत गेलं तर मिळते. संध्याकाळी ती तिथे जाऊन आईशी बोलायची. एकदा मी लाकडं आणायला तिकडेच गेले होते. ती हसत हसत सांगत होती, मुलं मला सोडतच नाहीत, मी भाकरी थापायला शिकले, इथे फार मजा आहे. फोन ठेवला आणि तिथेच खाली बसून ती रडायला लागली. मी आडवाटेने परत आले. ती खाली आली ती तोंड धुऊनच.

सासूबाईंना मी काही बोलले नाही, पण त्यांना कळलेलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी तिचं अंथरूण आपल्याशेजारी घालायला सुरुवात केली.

शिमग्यापर्यंत राहायचं ठरवून आलेली ती मुलगी त्याआधीच परत गेली. जाताना म्हणाली, "मी इथे कुणाच्या काही उपयोगी पडले नाही." मी नाही नाही म्हणत राहिले.

पुढे काही वर्षांनी तिच्या आईचा मेसेज आला. मुलगी आजारी पडली होती, आजार कळल्यावर फार दिवस मिळाले नाहीत. ती गेली. तुमच्या गावाबद्दल ती फार बोलायची, मला ते एकदा बघायचं आहे, असं आईनं लिहिलं होतं.

रामनगरच्या स्टँडवर मी तिला घ्यायला गेले. उंच बाई, पिकलेले केस, खांद्याला एकच पिशवी. लेकीसारखाच चेहरा, मला तिच्याकडे नीट बघवेना. जोयड्याला बस बदलून गुंदच्या बसमध्ये बसल्यावर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तिनं सांगितलं होतं, झाडं अगदी रस्त्यावर येतात."

तिला मुलांना भेटायचं होतं. मुलं आता मोठी झालेली, काही शिकायला बाहेरगावी गेलेली. गावात होती त्यांना मी बोलावून आणलं. मुलं ओसरीत लाजून उभी राहिली. मिसने काय शिकवलं, असं विचारल्यावर एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी एक मुलगी म्हणाली, "शिकवलेलं आठवत न्हाई. पन मिस आमच्यासंगं पेंढी घेऊन निघाली आनि बांधावरनं चिखलात पडली, ते आठवतंय."

मी ते तसंच सांगितलं. ती बाई हसली. आल्यापासून पहिल्यांदाच. मग म्हणाली, "हे मला माहीत नव्हतं."

संध्याकाळी आम्ही तिघी पडवीत बसलो होतो. सासूबाई सुपारी सोलत होत्या. चहाचा कप हातात धरून तिची आई म्हणाली, "इथे असताना ती आनंदात होती. हो ना?"

मी हो म्हणणारच होते.

"काय म्हनती?" सासूबाईंनी विचारलं. मी सांगितलं.

"न्हाई गे," त्या म्हणाल्या. "रडायची ती. सांग तिला."

"आत्ती, कसं सांगू? एवढ्या लांबून आलीय."

"म्हनून तर सांग. आई हाय ती."

मी सांगितलं. ओसरी रिकामी राहायची ते, टेकडीवरच्या फोनचं, रडण्याचं, तोंड धुऊन येण्याचं. इंग्रजी शब्द आठवेनात तिथे थांबत थांबत. मला वाटलं, आपण फार वाईट केलं.

तिने सासूबाईंकडे बघून विचारलं, "मग तुम्ही काय करायचात?"

"काय करनार?" सासूबाई म्हणाल्या. "तिची भाषा मला येत न्हाई, माझी तिला. जवळ बसायचे. डोक्याला तेल लावायचे. भाकरी खायाची न्हाई त्या दिवशी पेज द्यायचे. मग झोपायची."

मी एकेक वाक्य इंग्रजीत करून देत होते. पेज म्हणजे पाण्यासकट शिजवलेला मऊ भात, हे हातांनी दाखवून सांगितलं.

"दवाखान्यातही ती मला बरी आहे म्हणायची," तिची आई म्हणाली. "हसायची. मी ते खरं धरून चालले. शेवटच्या आठवड्यापर्यंत." मग कप खाली ठेवून तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सासूबाई उठल्या, सुपारीचे हात पदराला पुसले आणि तिच्या शेजारी जाऊन बसल्या. पाठीवर हात ठेवला. मी चूल पेटवायच्या निमित्ताने आत गेले आणि तिथे रडले.

ती आणखी एक दिवस राहिली. मी राहा म्हटलं, सासूबाईंनीही हाताने धरून ठेवलं, पण तिकीट काढलेलं होतं. रामनगरला गोव्याच्या बसची वाट बघताना मी तिला विचारलं, "घरी कोण आहे?"

"कुणी नाही," ती म्हणाली. एवढंच. सगळं नीट होईल, असं तोंडावर आलं होतं, पण मी ते बोलले नाही. बस येईपर्यंत तिचा हात धरून उभी राहिले.

घरी आले तर सासूबाई दारातच बसलेल्या. "गेली?"

"गेली."

"घरात कोन हाय तिच्या?"

"कुणी न्हाई, आत्ती."

त्या दाराचा आधार घेऊन उठल्या. मग म्हणाल्या, "जेवली हुती का पोटभर, जाताना?"

मी व्हय म्हटलं. पण खरं म्हणजे निघताना मी वाढलं तेव्हा अर्धी भाकरी तिने ताटात तशीच ठेवली होती.