बाबांच्या वाट्याचे खोके

गोपाळकृष्ण पटवर्धनांना वाकडी घडी बघवत नसे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं तपासनीस होते. खराब माल बाजूला काढण्यातच जन्म गेला.

त्यांची मुलगी उल्का एकोणचाळीस वर्षांची, बुद्धीनं आठ-नऊची. बायको गेल्यापासून त्यांचा जीव एकाच गोष्टीपायी टांगणीला लागलेला: आपल्यामागे हिचं काय? त्यामुळे ती जायची त्या मतिमंदांच्या कार्यशाळेतल्या श्रद्धाताईंनी तिला बुधवार पेठेतल्या एका मिठाईवाल्याकडे खोके दुमडायचं काम मिळवून दिलं, तेव्हा म्हाताऱ्याला आभाळ ठेंगणं झालं.

श्रद्धाताईंनी एकच बजावलं होतं. "काका, सोबत बसा, पण हात लावू नका. चुकलेला खोका तिलाच उलगडून पुन्हा करू दे."

"अर्थात," काका म्हणाले. आणि सहा महिने रोज शेजारी बसून तिचे वाकडे खोके गुपचूप सरळ करत राहिले. राहवायचंच नाही त्यांना. माया म्हणायची की खोड, देव जाणे.

मग त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. दहा दिवस उल्का ठरावीक रिक्षानं एकटी कामाला गेली. अकराव्या दिवशी काका काठी टेकत दुकानात पोचले, तर मालक पुष्कर म्हणाला, "काका, तुम्ही होतात तेव्हा रोज साठ खोके. तुम्ही नाही, तर चाळीस. मग आम्ही नेमलं होतं कुणाला? उद्यापासून उल्काला नका पाठवू."

दिवाळी तोंडावर होती; पुष्करचंही चुकत नव्हतं.

घरी आल्यावर उल्कानं पलंगाखालून दोन पिशव्या ओढल्या. "बाबा, तुमचे राहिलेत."

दहा दिवसांचे वाकडे खोके तिनं चपटे करून जपून आणले होते. काकांनी सवयीनं एकेक तपासला. चांगला एकही नव्हता. म्हणजे वाकडा कोणता, हे पोरीला अचूक कळत होतं. तो पुन्हा करायचा असतो, एवढंच तिला कुणी शिकू दिलं नव्हतं. परक्यानं नव्हे, आपणच हिची नोकरी घालवली.

त्यांनी एक खोका उलगडून तिच्यापुढे ठेवला. "उल्का, हा तू कर."

तिनं तो हळूच परत सरकवला. "हे काम तुमचं, बाबा," ती समजुतीनं म्हणाली, आणि ते सुरुवात करतील म्हणून शेजारी वाट बघत बसली.