बिंगच्या लग्नाचे थर्मास

ग्वेइजनच्या तीन मुलींची कागदावरची नावं काहीही असोत, घरात हाका ‘ज्या’, ‘यी’ आणि ‘बिंग’ अशाच. कारखान्यातल्या संध्याकाळच्या वर्गात तिला हे सुचलं. आपल्या चिनीत रसायनांची नावं अशीच ठेवतात: एक कार्बन असला की नावात ‘ज्या’, दोन असले की यी, तीनला बिंग. चौथ्याला डिंग. शेजारणी विचारायच्या, "डिंग कधी?" ती म्हणायची, "तीन कार्बनांनीच माझा जीव मेटाकुटीला आणलाय."

थर्मासच्या कारखान्यात ती चांदी चढवायची. दुपदरी काचेच्या पोटात चांदीचं पाणी आणि साखरेचं पाणी ओतायचं, बाटली हलवत राहायची. साखर चांदीचं क्षपण करते, म्हणजे पाण्यात विरघळलेली चांदी पुन्हा धातू होऊन काचेला चिकटते. बाटली आधी तपकिरी होते, मग काळपट, आणि मग एकदम आरसा. इतकी वर्षं झाली, तरी हा क्षण आला की ग्वेइजनचा हात थांबायचा.

विभागाचा एक नियम मोडायचा नव्हता. उरलेलं चांदीचं पाणी त्याच संध्याकाळी मिठाच्या पाण्यात ओतायचं. ठेवलं, सुकलं, तर काळी खपली धरते आणि नुसत्या धक्क्याने स्फोट होऊन उडते. तिच्या क्वांग उस्तादांनी अशाच खपलीपायी दोन बोटं गमावली होती. शिकवताना ते तोच हात वर करायचे, बाकी भाषण द्यायची गरज नसे.

रीत अशी की मुलीच्या लग्नात लाल थर्मासची जोडी द्यायची, आणि चांदी चढवणारी आई मुलीच्या जोडीला दोनदा चांदी चढवायची. थोरल्या ज्याला दिली, मधल्या यीला दिली. बिंगच्या वेळी शनिवारी काम लांबलं आणि जोडीची दुसरी चांदी राहिली. मग ग्वेइजनने थोडं चांदीचं पाणी भांड्यात घेतलं, वर ओला कपडा टाकला आणि मागच्या फळीवर ठेवलं. सोमवारी लवकर येऊन उरकू, एवढाच विचार. रविवारी नवऱ्या मुलाकडची माणसं आली, आणि त्या गडबडीत भांडं तिच्या डोक्यातून पार गेलं.

सोमवारी ती आत आली तेव्हा मेइछिन फळ्या पुसत होती. वीस वर्षांपासूनची मैत्रीण, गाणं गुणगुणत. कपडा केव्हाच सुकला होता आणि भांड्याच्या कडेला काळी रेघ दिसत होती. बोललं तर चांदीचं काम जाणार, लग्नाची जोडीही जाणार. मेइछिनचा हात त्याच फळीकडे निघाला होता.

"मेइछिन, हात तिथेच थांबव. हळू मागे ये. ते भांडं माझं आहे."

"ताई, शनिवारचं?"

"शनिवारचं."

सगळ्यांना बाहेर काढलं. सुरक्षा विभागाच्या माणसाने आडोशामागून लांब बांबूने भांडं सरकवलं, तसं ते फुटलं. फळी चिरली आणि खिडकीच्या काचा गेल्या. इजा कोणालाच झाली नाही. साहेबांनी तिला त्याच दिवशी चांदीवरून काढून खोकी भरायला पाठवलं. तिने वाद घातला नाही, पण घरी येऊन पोटभर रडली.

लग्नात बिंगला बाजारची जोडी मिळाली. सासरच्या एका काकूने थर्मास उचलून विचारलंच, "चांदीवाल्या आईच्या हातची ना?"

"नाही," ग्वेइजन म्हणाली. "माझी चूक झाली. चांदीचं काम गेलं माझं."

काकूने थर्मास खाली ठेवला. क्वांग उस्तादांनी आपली तीन बोटांची मूठ गुडघ्यावर ठेवली आणि चहा मागितला. मेइछिनने त्याच थर्मासमधून पेले भरले. उस्तादांना दिला, मग दोन्ही हातांनी धरून एक ग्वेइजनपुढे केला. ग्वेइजनने आधी पेल्याभोवतीची तिची दहाही बोटं पाहिली, मग पेला घेतला. चहा चांगला कढत होता.