बाजूचा जिना

वासूआबांना कुणी रस्ता विचारला, तर ते तोंडाने कधी सांगत नसत. हातातला चहा खाली ठेवायचे, चपला पायांत सरकवायचे आणि विचारणाऱ्याच्या पुढे चालू लागायचे. घोडपदेवहून थेट लालबागच्या नाक्यापर्यंत माणसाला पोचवून, उन्हातून परत यायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "तोंडान सांगलेली वाट पायांत रवणा नाय."

घोडपदेवच्या एका चाळीत आमच्या गावाची खोली होती. कोकणातून नोकरीसाठी येणारा गावचा प्रत्येक पुरुष आधी तिथे उतरायचा. एका खोलीत चौदा जण आणि भिंतीला लावलेल्या चौदा ट्रंका. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करणारे आबा त्या खोलीचे कारभारी. मी उतरलो तेव्हा वीस वर्षांचा होतो. त्याच आठवड्यात आमच्या वाडीतला प्रकाशही आला. त्याचा मामा गिरगावात राहायचा. मामाने त्याला चौपाटी दाखवली, राणीची बाग दाखवली, गेटवेसमोर फोटो काढून दिला. मला मामा नव्हता. मला मुंबई आबांनी दाखवली.

पहिल्या दिवशी त्यांनी मला परळच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

"कोण आजारी आसा, आबा?"

"कोण नाय. बघून ठेव."

केसपेपरची खिडकी दाखवली. पाणी कुठे मिळतं ते दाखवलं. "मधल्या जिन्यान जाव नको, थय गर्दी. बाजूचो जिनो पकड," म्हणाले आणि तो जिना मला वरपर्यंत चढायला लावला. मग खाली आणून खिडकीजवळ उभं केलं. "आता समज, मी खिडकीतलो बाबू. नाव?" मी सांगितलं. "पत्तो?" खोलीचा सांगितला. "वांगडा कोण इलो?"

माझ्यासोबत कोण येणार होतं?

"अरे, माझा नाव सांगायचा! मुको रवलंस तर बाबू थांबतलो काय?"

रांगेतल्या दोन बायका तोंडाला पदर लावून हसल्या. माझे कान तापले.

दुसऱ्या दिवशी दादरचा गुरुद्वारा. डोक्याला रुमाल बांधून मला पंगतीत बसवलं. "हय कोण जात विचारणा नाय, गाव विचारणा नाय. पोटभर जेव." तिसऱ्या दिवशी वडाळ्यापासून कॉटन ग्रीनपर्यंत पायपीट. कुठली पाणपोई दुपारीही चालू असते, कुठला संडास स्वच्छ, कुठल्या गोदामाच्या पायऱ्यांवर सावलीत बसलं तर वॉचमन हाकलत नाही. एकेक ठिकाण. प्रत्येक ठिकाणी मला बसवून, पाणी पाजून, मगच पुढे. शेवटच्या पायरीवर माझं डोकं फिरलं.

"आबा, मी हय भीक मागूक इलंय काय? त्या प्रकाशान मुंबयचो समुद्र बघल्यान. माका कधी दाखवतलास?"

ते शांतपणे विडी विझवत म्हणाले, "समुद्र खय पळता रे झिला? तो मगे बघ. पडलंस तर उठूचा खय, ता आधी बघ."

ते वाक्य मी गाठीला बांधलं. चांगल्या अर्थाने नव्हे. या माणसाने माझं तोंड बघितलं आणि ठरवून टाकलं की हा पडणार. प्रकाशच्या वाट्याला समुद्र आणि माझ्या वाट्याला संडास! पाच महिन्यांत ट्रंकेच्या जागेवरून भांडण काढून मी खोली सोडली.

पुढे पाडकामाच्या लाकडाच्या धंद्यात शिरलो. जुनी चाळ पाडली की तिचे सागवानी दरवाजे, तुळया उचलायच्या आणि विकायच्या. आज कॉटन ग्रीनला माझं स्वतःचं गोदाम आहे. घासाघीस करण्यात मला कुणी हरवत नाही, कारण एक गोष्ट मी लवकर शिकलो: सौद्यात ज्याची गरज आधी दिसली, तो मेला.

पण धंद्याच्या दुसऱ्याच वर्षी मला कावीळ झाली. ज्याच्याकडे तेव्हा कामाला होतो, त्या मालकाने काढून टाकलं. परळच्या त्या खिडकीशी मी एकटाच, भिंतीला धरून उभा होतो. आतल्या माणसाने वर न बघता विचारलं, "सोबत कोण आहे?" मी आबांचं नाव सांगितलं. क्षणभरही अडखळलो नाही. नंतर दीड महिना दादरच्या पंगतीत जेवलो आणि दुपारी त्याच गोदामाच्या पायऱ्यांवर पडून राहिलो. आबांनी दाखवलेल्या ठिकाणांपैकी एकही वापरायचं राहिलं नाही.

उठलो, पण आबांना सांगायला गेलो नाही. सांगणं म्हणजे त्यांचा अंदाज बरोबर होता हे कबूल करणं.

नाव झाल्यावर गावच्या मंडळाने लालबागच्या एका हॉलमध्ये माझा सत्कार केला. शाल अंगावर पडली, माईक हातात आला आणि मी बोललो, "मला मुंबई कुणी दाखवली नाही. मी ती माझ्या पायांनी बघितली." टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत आबा बसले होते. त्यांच्या टाळ्या सगळ्यांच्या थांबल्यावर थांबल्या. नंतर प्रसादाचा द्रोण घेऊन स्वतः माझ्याकडे आले.

"बरा बोललंस. मुंबय पायांनीच बघूची लागता."

मी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. समोरच्याचा चेहरा वाचणं हा माझा धंदा. पण तिथे काही सापडलं नाही. सापडला असता तर भांडता आलं असतं. शिऱ्याचा द्रोण मी तसाच टेबलावर ठेवून दिला. उद्या जाऊन सांगू, असं मनाशी म्हणालो. तो उद्या तीन वर्षं लांबला.

मग प्रकाशचा फोन आला. "आबा परळच्या मोठ्या हॉस्पिटलात ॲडमिट आहेत. डॉक्टर काही बोलत नाहीत. भेटून ये."

दुपारी भेटायच्या वेळेत गेलो. पांढऱ्या चादरीखाली आबा एवढेसे झाले होते. मी स्टूल ओढल्याच्या आवाजाने त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं.

"तू इलंस? हय लोक तासभर फिरत रवतत. वाट गावली?"

त्यांनीच विषय माझ्या हातात आणून ठेवला होता. एकच वाक्य बोलायचं होतं. ते ओठांपर्यंत आलंही. पण त्याआधी जन्मभराची सवय बाहेर पडली.

"विचारत विचारत इलंय," मी म्हणालो.

आबा थोडे हसले. "बरा केलंस. विचारूक लाजूचा नसता."

चौथ्या दिवशी ते गेले.

त्या दुपारी मी कुणालाही विचारलं नव्हतं. फाटकातून आत शिरलो तेव्हा सगळी गर्दी मधल्या जिन्याकडे निघाली होती आणि माझे पाय बाजूच्या जिन्याकडे वळले होते.