न कोरलेलं कासव

तिसऱ्या दिवशीही मैनाबाईंच्या ठोकळ्यावर छिन्नीचा एक ओरखडा नव्हता. माझं डोकं सटकलं.

“काऊन वो बाई, घासून घासून लाकडाचं पीठ करता का?”

त्या पारिजातकाचं खरखरीत पान घेऊन ठोकळ्यावर गोल गोल हात फिरवत राहिल्या.

मी लाकडी ठसे कोरतो. पस्तीस वर्षं झाली. सागाच्या ठोकळ्यावर नक्षी कोरायची, तिला रंग लावायचा, कापडावर ठेवून वरून बुक्की मारायची. सांगायला एवढंच. चामोर्शीकडच्या एका गावात दहा बायकांना हे शिकवायला मला बोलावलं होतं. आठ दिवसांचं वर्कशॉप. शेवटच्या दिवशी प्रत्येकीनं आपला ठसा छापून दाखवायचा आणि त्यातून दोघींना गडचिरोलीच्या हस्तकला सेंटरमध्ये कायमचं काम मिळणार होतं. मैनाबाईंना ते हवंच होतं. नवरा वारल्यापासून दर हंगामाला त्या मिरची तोडायला तेलंगणात जायच्या, मुलीला आईपाशी ठेवून. “आता मले जायचं नाई जी,” हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

दिवस मोहफुलांचे होते. बायका पहाटे फुलं वेचून यायच्या आणि ग्रामपंचायतीचं अख्खं सभागृह त्या गोड वासानं जड व्हायचं. खिडकीबाहेर तलाव. त्याच्या पाण्याचा उजेड छताच्या पत्र्यावर हलत राहायचा. खाली नऊ हातोड्यांची टकटक. दुपारी मला कळायचं नाही, मी जागा आहे की झोपलोय. खोटं कशाला बोलू, दोनदा घोरलोसुद्धा. बायका हसल्या, आणि कोणीतरी माझ्या अंगावर फडकं टाकलं.

पण दहावी हातोडी वाजत नव्हती, आणि ते मला झोपेतही कळत होतं.

“काय झालं ते सांगान तं समजन,” मी शेवटी त्यांच्याजवळ खालीच बसलो.

त्यांनी नमुन्याचा कागद पुढे सरकवला. पहिल्या दिवशी मी चिठ्ठ्या टाकून जनावरं वाटली होती. मोर, हरीण, रानडुक्कर, ससा. मैनाबाईंना कासव आलं होतं.

“हा आमच्या कुळाचा देव हाये जी. आमच्या पुरख्याइले त्यानं पाठीवर बसवून नदीपार नेलं. आमी त्याले मारत नाई, खात नाई. त्याच्यावर लोखंड कसं चालवू?”

“मंग पहिल्याच दिवशी बोलायचं ना वो!”

“तुमी मास्तर. तुमाले नाई कसं म्हनू?”

माझा राग जागच्या जागी विरला. आता अदलाबदल तरी कोणाशी करणार? बाकीच्यांचे ठसे अर्धे कोरून झाले होते. लाकूड वर्षभर वाळवावं लागतं, नाहीतर वाकतं. मी मोजून दहाच ठोकळे आणले होते. त्यातही मैनाबाईंच्या वाट्याला आलेल्या ठोकळ्यात मधोमध गाठ होती, म्हणून तो कोणी उचलला नव्हता.

मी वैतागून बोलून गेलो, “अवो, कासवाले कोन कापते? ठशात जे कोरतो ते कोरंच राह्यते. ज्याले छिन्नी लागत नाई तेच छापते. आपन फक्त भवतालचं काढून टाकतो!”

मैनाबाईंचा हात थांबला.

“मंजे मी पानी कापू?”

“हो. पानी कापा.”

“पान्याले काई होत नाई,” त्या म्हणाल्या आणि तीन दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

मग काय विचारता! नमुना चिकटवला आणि दहावी हातोडी वाजायला लागली. दोन दिवसांत त्यांनी कासवाभोवतीचं सगळं पाणी उपसून काढलं. कड इतकी साफ की मलाच मत्सर वाटला. पण नमुन्यात पाठीवर चौकडी होती, डोळा होता. त्या रेघा कोरायच्या म्हणजे छिन्नी थेट कासवावर. मैनाबाई तिथं अडल्या त्या अडल्याच.

“बाई, नुसता काळा डाग उठन. काम हातचं जाईन तुमचं.”

“जाऊ द्या जी.”

हे त्या किती हळू म्हणाल्या! त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

शेवटच्या दिवशी सेंटरच्या मॅडम आल्या. मोर झाला, हरीण झालं. मैनाबाईंनी ठसा रंगात टेकवला, कापडावर ठेवला, बुक्की मारली आणि डोळे मिटूनच उचलला.

कासवाच्या पाठीवर रेघा होत्या. गाठीभोवती एकात एक फिरत गेलेल्या, बारीक, सजीव. तीन दिवस पानानं घासून लाकडाचा मऊ भाग झिजला होता आणि टणक रेघा वर उठल्या होत्या; चिकटवलेल्या नमुन्याखाली त्या मला दिसल्याच नव्हत्या. तलावावरचा उजेड त्या ओल्या रंगावर हलत होता. ते कासव पोहतंय, असंच मला वाटलं.

“ही पाठीवरची नक्षी कुणी कोरली?” मॅडमनी माझ्याकडे संशयानं पाहिलं.

“कोनी नाई जी,” मैनाबाई म्हणाल्या. “झाडाचीच हाये.”

“आणि डोळा?”

“पान्यात हाये ना तो. मिटला असन.”

मॅडम हसल्या नाहीत. कापडावर वाकून बराच वेळ बघत राहिल्या, मग यादीत पहिलं नाव मैनाबाईंचं लिहिलं. पुढच्या हंगामाला गावातल्या बायका मिरचीला गेल्या, तेव्हा मैनाबाई मुलीला घेऊन गडचिरोलीत होत्या.

मी आता नमुने वाटण्याआधी एक गोष्ट विचारतो. तुमच्या घरी कुठल्या जनावराला, कुठल्या झाडाला लोखंड लावत नाहीत? लोक लगेच सांगतात. पस्तीस वर्षं मीच विचारलं नव्हतं.