चव बघायचा चमचा

रंगाऱ्याची अख्खी हयात आटलेला रंग पातळ करण्यात गेली आणि उतारवयात नशिबी आलं ते पाणी घट्ट करायचं काम. आता याला काय म्हणावं?

झालं असं, की बायकोला अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू हलू लागले, तुटक शब्दही फुटले, पण गिळणं बिघडलं. कुस्करलेलं अन्न उतरायचं. साध्या पाण्याचा घोट दिला, की मात्र ठसका लागून जीव कासावीस. इस्पितळात गिळणं तपासणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी पांढऱ्या पिठुळ पावडरीचा डबा दाखवून बजावलं, "पाणी, चहा, दूध, जे द्याल ते मधाइतकं दाट करून द्या. पातळ पदार्थ छातीत उतरला तर पुन्हा इथे यावं लागेल, आणि मग नाकातून नळी घालावी लागेल."

नळी म्हटल्यावर बायकोने नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं. "नळी... नको," ती म्हणाली. झटक्यानंतरचं तिचं ते पहिलं धड वाक्य.

पण ते दाट पाणी म्हणजे निव्वळ खळ. पहिलाच चमचा तिने थुंकून टाकला. मग रंगाऱ्याने तिच्यासमोर त्याच पेल्यातलं चाखलं आणि बेधडक थाप मारली, "वाईट नाही गं." तेव्हापासून नियमच पडला. आधी त्याने चाखायचं, मग तिने तोंड उघडायचं.

घरी आल्यावर घोळ सुरू झाला. रंगारी पावडर मोजून घालायचा, ढवळायचा आणि रंग ढवळायची काडी बघावी तसा चमचा उचलून धार बघायचा. धार अशी संथ, की वा! मग चाखायचा, चमचा पेल्यात ठेवायचा, बायकोला उठवून बसवायचा, पाठीशी उशा लावायचा, गळ्याशी टॉवेल बांधायचा. आणि पाजायला घ्यावं तर पेल्यात पाणीच पाणी! एकदा ध्यानात न आल्याने तसंच पाजलं. तिला असा ठसका लागला, की रंगाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकली. त्या रात्री तिला कणकणही आली.

त्याचं डोकंच चालेना. रंगाचा डबा उघडा राहिला तर घट्ट होतो, हे शेंबडं पोरही सांगेल. ठेवल्या ठेवल्या पातळ होतं ते काय? त्याने पावडर वाढवली. पाणी गार घेतलं. दुकानदाराशी कडाकडा भांडून डबा बदलून आणला. परत तेच! आणि लेक रविवारी येऊन करायची, बाबांना चाखायला तळहातावर दोन थेंब द्यायची, तेव्हा मात्र पेला शेवटपर्यंत दाट.

"बाबा, तुम्ही पावडर कमी घालता," लेक म्हणाली.

"मला शिकवतेस? दाट-पातळ बघण्यात केस पांढरे झालेत माझे!" तो खेकसला. मग मोरीत जाऊन तोंड धुतलं. आपल्याच हाताने ही जाणार की काय, हे त्याच्या मनातून जाईना.

शेवटी लेकीने इस्पितळातल्या त्या बाईंनाच घरी आणलं. "काका, रोज करता तसंच करा," त्या म्हणाल्या. बायको आत निजली होती; रंगाऱ्याने बाहेर सगळं केलं. पावडर, ढवळणं, धार, चाखणं. चमचा पेल्यात परत गेला, तशा बाई ओरडल्या, "थांबा! उष्टा चमचा आत घातलात?"

"मग? परका आहे का मी?"

बाईंना हसू आलं. त्यांनी समजावलं. पाण्याचे कण सुटे, इवलेसे. एकमेकांवरून भराभर घसरतात, म्हणून पाणी पळतं आणि काकूंच्या घशाचं दार मिटायच्या आत खाली पोचतं. या पावडरीतल्या पिठाचे कण धाग्यासारखे लांब. ते एकमेकांत गुंततात, पाण्याला अडवून धरतात, म्हणून घोट सावकाश जातो. पण आपली थुंकी पिठाचे धागे कापते. जराशी पेल्यात गेली तरी थोड्या वेळात सगळा गुंता सुटतो.

"मग तेल?" रंगारी हटेना. "तेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे हलकं. तरी पाण्यापेक्षा दाट?"

"वजनाचा इथे संबंध नाही, काका. तेलाचेही कण लांबच."

रंगाऱ्याला निम्मं कळलं, निम्मं डोक्यावरून गेलं. एवढं मात्र लख्ख कळलं, की काखेत कळसा आणि गावाला वळसा. दुकानदाराला उगाच शिव्या खाव्या लागल्या.

संध्याकाळी त्याने चाखायला वेगळा चमचा घेतला. बायकोने एका चमच्याकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"अगं, काय झालं?"

"माझं... उष्टं... नको?" तिचे डोळे भरले.

आता हिला ते धागे आणि कात्र्या कुठल्या तोंडाने समजावणार? त्याचं त्यालाच धड उमगलं नव्हतं.  त्याने उठून एक वाटी आणली, पेल्यातलं थोडंसं वाटीत ओतलं आणि पेला उष्ट्यापासून लांब सरकवला. वेगळा चमचा खिशात टाकला.

"आजपासून उलटं करायचं," तो म्हणाला. "आधी तू. वाटीत उरेल ते तुझ्याच चमच्याने मी."

तिने मान वळवली. मग तोंड उघडलं. एक घोट गेला. दुसरा गेला. रंगारी श्वास रोखून तिच्या गळ्याकडे बघत होता. ठसका आला नाही. त्याने तळाशी उरलेलं चाटूनपुसून घेतलं आणि कितीही आवरलं तरी तोंड वाकडं झालंच.

"वाईट... नाही?" तिने विचारलं.

"भयंकर आहे गं," तो म्हणाला. "एवढे दिवस खोटं बोललो."

ती हसली. अर्ध्या तोंडाने, पण हसली. आणि लांब ठेवलेल्या पेल्याकडे बोट दाखवून म्हणाली, "अजून."